नकाराचे अर्थशास्त्र : दारिद्र्यरेषा आणि दलित आत्मकथन

१

१९७१ साली पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतीय दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' आले. एकाच दशकात, एकाच महाराष्ट्रात, एकाच भुकेविषयी लिहिलेली ही दोन पुस्तके. पण पहिले अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवले जाते आणि दुसरे मराठीच्या. या दोन वर्गांमधली भिंत अजून उभी आहे. अर्थशास्त्राचा प्राध्यापक 'बलुतं'ला साहित्य म्हणून मान देतो, पुरावा म्हणून त्याकडे पाहत नाही. मराठीचा प्राध्यापक त्यातील भुकेला 'दाहक अनुभव' म्हणून दाद देतो, त्या भुकेमागच्या देण्याघेण्याच्या व्यवहाराकडे वळत नाही. दोघांच्याही हातून एकच गोष्ट निसटते. दलित आत्मकथनांत दारिद्र्याचे वर्णन आहे तशी दारिद्र्याची मीमांसाही आहे. ती मीमांसा कोणती, आणि दारिद्र्य हटवण्याच्या आजवरच्या उपायांना ती कोणती कसोटी लावते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम रेषेविषयी. दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात हिंदी माणसाचे दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे २० रुपये काढले. ते पुरेसे की अपुरे, हे ठरवण्यासाठी त्यांनी तुरुंगातील कैद्यांच्या आणि परमुलखी धाडल्या जाणाऱ्या मजुरांच्या शिध्याचा आधार घेतला. सरकार कैद्याला जेवढे खायला घालते तेवढेही प्रजेला मिळत नाही, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. पण या देशातले दारिद्र्याचे पहिले माप असे कैद्याच्या ताटावरून निघाले. ताटात किती आहे एवढेच विचारायचे, ताट कोण वाढतो आणि कोणत्या अटीवर वाढतो हे विचारायचे नाही, ही खोड मापाला तेव्हापासून जडली.

१९६२ मध्ये नियोजन मंडळाच्या अभ्यासगटाने १९६०-६१ च्या किमतींना दरमहा दरडोई २० रुपये हा किमान खर्च ठरवला. शिक्षण आणि आरोग्य सरकार पुरवील असे समजून ते त्यातून वगळले. दांडेकर-रथांनी दररोज २२५० उष्मांक हे माप घेतले आणि १९६०-६१ साली खेड्यातील सुमारे ४० टक्के व शहरातील सुमारे ५० टक्के लोकांना तेवढेही मिळत नव्हते असे दाखवले. १९७९ मध्ये खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० उष्मांक ठरले. २००९ मध्ये तेंडुलकर समिती आली. २०११ मध्ये नियोजन मंडळाने सर्वोच्च न्यायालयात शहरात दिवसाला ३२ आणि खेड्यात २६ रुपये हा आकडा सांगितला तेव्हा देशभर संताप उसळला. २०१४ मध्ये रंगराजन समितीने तो ४७ आणि ३२ वर नेला. २०२१ पासून नीती आयोगाने बहुआयामी दारिद्र्याचा निर्देशांक काढायला सुरुवात केली. त्यात पोषण, शाळा, शौचालय, वीज, चुलीचे इंधन, बँकेचे खाते अशा बारा गोष्टी पाहिल्या जातात. त्या बारांत जमीन नाही, मजुरीचा दर नाही, जात नाही.

या मापांची टिंगल करणे सोपे आहे आणि आपल्या चळवळीत ती पुष्कळ झाली आहे. मला ती टिंगल मान्य नाही. आकडा नसता तर राज्यकर्त्यांना जाब विचारायला काही हाती राहिले नसते. चार कोटी उपाशी की चाळीस कोटी, हा फरक भावनेने कळत नाही. दांडेकर-रथांनी विकासाचे फळ गरिबापर्यंत झिरपत नाही हे आकड्यांनी सांगितले, म्हणूनच ते सरकारला बोचले. तेव्हा रेषा टाकून देण्याचा प्रश्न नाही. रेषेला जे दिसत नाही ते कोण पाहणार, हा प्रश्न आहे.

३

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) दोन प्रसंग आहेत. एक सर्वांना ठाऊक आहे. सुगीच्या दिवसांत जनावरे कणसे खातात, न पचलेले दाणे शेणात पडतात. लेखकाची आजी संतामाय ते शेण गोळा करते, धुऊन दाणे वेगळे काढते, दळते आणि त्याची भाकर थापते. नातवाला ती भीक मागून आणलेल्या पिठाची भाकर देते, स्वतः शेणातल्या दाण्यांची खाते. नातू हट्टाने तिच्या भाकरीचा घास घेतो आणि त्याला शेणाचा वास येतो.

उष्मांकांच्या कोष्टकात या दोन भाकरींत काही फरक नाही. ज्वारी ती ज्वारीच. एका भाकरीचे दाणे गुराच्या पोटातून आले, दुसरीचे पीठ परक्याच्या दारातून आले. तिसरी भाकर, जी स्वतःच्या शेतातून किंवा ठरलेल्या मजुरीतून येते, ती या घरात नाही. ही तिसरी भाकर नसणे हेच संतामायचे दारिद्र्य आहे. पोट त्या दिवशी भरले तरी ते दारिद्र्यच आहे.

दुसरा प्रसंग शाळेच्या सहलीचा. सवर्ण मुलांचे उरलेले अन्न महारांच्या मुलांना दिले जाते. मुलगा घरी येऊन सांगतो तेव्हा आईचा प्रश्न असतो, माझ्यासाठी थोडे का आणले नाहीस? आणि दुसऱ्या दिवशी गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात. त्या दिवशी त्या मुलाच्या पोटात गेलेले अन्न कदाचित रोजच्यापेक्षा अधिक सकस होते. पाहणी करणाऱ्याने त्याच दिवशी त्याला गाठले असते तर तो रेषेच्या वर निघाला असता.

येथे समीक्षक थांबतात आणि म्हणतात, हा मानहानीचा प्रश्न आहे. तो मनाचा आहे, अर्थव्यवहाराचा नव्हे. मला नेमके याच ठिकाणी मतभेद नोंदवायचे आहेत. 'बलुतं'मध्ये महाराच्या कामांची जी जंत्री येते ती पाहा. सरकारी सारा तालुक्याला पोचवायचा, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचे, मयताचा सांगावा परगावी न्यायचा, मेलेले ढोर ओढायचे, लाकडे फोडायची, सणावाराला वाजवायचे. कामाला वेळ नाही, मोजमाप नाही, दर नाही. त्याबदल्यात खळ्यावर बलुते. आणि ते देतानाही शेतकरी कुरकुरणार, शिव्या घालणार. श्रम झाले होते, म्हणजे मजुरी देणे होते. पण देणारा ती भीक म्हणून देतो आणि घेणाऱ्याला ती पदर पसरून घ्यावी लागते. मजुरीला एकदा भिकेचे रूप दिले की ती किती द्यायची हे देणाऱ्याच्या मर्जीवर जाते. वतन म्हणून मिळालेला हाडकी-हाडोळ्याचा तुकडाही याच जातीचा होता. त्याच्यावर घर चालत नसे, पण त्याच्यापायी रात्री-बेरात्री हाकेला धावावे लागे. मानहानी ही या व्यवहाराला वरून चिकटलेली वाईट चाल नाही. श्रम स्वस्त ठेवण्याचे ते साधन आहे. ज्याला आपण हक्काचे मागतो आहोत असे वाटत नाही, तो भाव करीत नाही.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'ने (१९८६) यात आणखी एक भर घातली. येसकरपाळी आली की घुंगरांची काठी हातात घेऊन गावात भाकरी मागत फिरण्यात महाराला मोठेपण वाटे, हे त्यांनी न लपवता लिहिले. व्यवस्था माणसाला उपाशी ठेवते आणि उपासाच्या निशाणीचा अभिमानही शिकवते. शिवाय त्यांनी घराच्या आत पाहिले. आणलेल्या भाकरीतून सुनेच्या वाट्याला काय येते, बाळंतिणीच्या पोटात काय असते, हे त्यांनी सांगितले. सगळ्या पाहण्या कुटुंब हे एकच पोट धरून चालतात. महारवाड्यातील सून जाणते की घरात पोटे अनेक असतात आणि तिचे शेवटचे असते.

लक्ष्मण गायकवाड यांचा 'उचल्या' (१९८७) वेगळ्या दिशेने तेथेच येतो. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांचा तो शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून गेला, पोलिसांच्या डोक्यातून गेला नाही. अशा माणसाला काम मागण्याचाही अधिकार नाही, कारण त्याला दारात उभे कोण करणार? बाजारात श्रम विकायला गेलेल्या माणसाला गिऱ्हाईकच मिळू नये, अशी ही गरिबी आहे.

या सर्वांतून जी मीमांसा उभी राहते ती एका वाक्यात सांगता येते. दारिद्र्य म्हणजे नकार देता न येणे. शिळे अन्न नको म्हणता येत नाही, ढोर ओढणार नाही म्हणता येत नाही, या मजुरीत येणार नाही म्हणता येत नाही. 'नकार' हा शब्द आपण १९६० नंतरच्या साहित्यचर्चेत इतका वापरला की तो कवितेचा अलंकार होऊन बसला. मुळात तो अर्थशास्त्राचा शब्द आहे.

४

हे नवे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुळात अर्थशास्त्रज्ञ होते. १९१८ च्या लहान धारणांवरील निबंधात त्यांनी दाखवले की शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, त्यावर किती भांडवल आणि किती श्रम लागतात यावरून ठरते. आणि शेतीवर रिकामे बसलेले हात उद्योगांत गेल्याशिवाय शेतीही सुधारणार नाही. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले ते याच कारणासाठी की कामाचे मोजमाप आणि मोबदला ठरलेला असावा. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर ते सदस्य होते. त्या समितीच्या १९३० च्या अहवालाने नोंदवले की अस्पृश्य आपले हक्क बजावू लागले की गाव त्यांच्यावर बहिष्कार टाकते, आणि पोटासाठी ते गावावर अवलंबून असल्यामुळे हे शस्त्र हमखास लागू पडते. पुढे १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी तोच विचार घटनेच्या पातळीवर नेला. बेकार माणसापुढे नोकरी आणि हक्क यांत निवड ठेवली तर तो हक्क सोडील. म्हणून शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, ती जातिभेद न पाळता कसण्यास द्यावी आणि मूळ उद्योग राज्याने चालवावेत. उपाशी माणसाचे स्वातंत्र्य कागदावर राहते, हे त्यांनी ओळखले होते.

परंतु येथे आपल्या इतिहासात एक गोष्ट उलटी घडली आहे आणि तिचा अर्थ लावला पाहिजे. १९२७ च्या महाडनंतर, आणि अधिक ठामपणे १९५६ च्या धर्मांतरानंतर, आपल्या लोकांनी ढोर ओढणे सोडले, येसकरपाळी सोडली, तेव्हा त्यांच्या हातात दुसरी भाकर होती काय? पुष्कळांच्या नव्हती. त्यांनी आधी नकार दिला आणि नंतर भुकेला तोंड दिले. कोणी मुंबईच्या गिरणीत गेला, कोणी गोदीत, कोणी तेथेच उपाशी राहिला. म्हणजे पोट भरल्यावर मान येतो हा क्रम सर्वस्वी खरा नाही. मान आधी उचलली म्हणून पोटासाठी नवी वाट शोधावी लागली, असेही घडले. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळाची फोड करताना सांगितले की प्रश्न अन्न किती आहे याचा नसून अन्नावर कोणाचा हक्क पोचतो याचा आहे. आपल्या लोकांचा अनुभव यात एक पायरी जोडतो. हक्क पोचण्याआधी 'हे मला असे नको' असे म्हणणारा माणूस उभा राहावा लागतो.

५

याच निकषावर आपल्या आत्मकथनांनाही तपासले पाहिजे. आपले म्हणून सूट देता येत नाही. बहुतेक आत्मकथनांत सुटकेची वाट एकच आहे. शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती, नोकरी. ती वाट खरी आहे आणि बाबासाहेबांनीच ती मोकळी केली. पण नायक नोकरीला लागला की भुकेची कहाणी संपते आणि परकेपणाची सुरू होते. मागे राहिलेल्या भावाचे, शेतमजूर चुलत्याचे, नवऱ्याने टाकलेल्या बहिणीचे काय झाले, ते पानांवरून नाहीसे होतात. २०११ च्या जनगणनेत शेतीवर राबणाऱ्या अनुसूचित जातींच्या माणसांपैकी सुमारे ७१ टक्के शेतमजूर होते, स्वतःची जमीन कसणारे नव्हते. आत्मकथन लिहिणारा या ७१ टक्क्यांतून बाहेर पडलेला असतो. त्याने बाहेर पडल्याचा अपराधभाव लिहिला, मागे राहिलेल्यांचा हिशोब थोडाच लिहिला.

या बाबतीत अण्णा भाऊ साठे आपल्यापेक्षा पुढे होते. 'स्मशानातील सोनं' या कथेतला भीमा वारणेच्या काठाचा. मुंबईत काम मिळत नाही म्हणून तो उपनगरातल्या खाणीवर दगड फोडतो. खाण बंद पडते. मग तो रात्री स्मशानात प्रेते उकरून सोन्याचा कण शोधू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो प्रेताच्या तोंडात बोटे घालतो, ती जबड्यात अडकतात आणि शेवटी कापावी लागतात. आणि त्याच वेळी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. ही कथा अंगावर काटा येतो म्हणून सांगितली जाते. ती काम असणे आणि नसणे यांवर उभी आहे. खाण सुरू आहे तोवर भीमा मजूर आहे; बंद पडते तेव्हा मढ्याच्या तोंडातला घास त्याला घ्यावा लागतो; पुन्हा सुरू होते तेव्हा दगड फोडणारे हात उरलेले नसतात. काम देणाऱ्याने काम केव्हा द्यावे यावर कामगाराचे काहीच चालत नाही, ही गोष्ट अण्णा भाऊंनी कोणत्याही अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाइतकी स्पष्ट मांडली.

६

आता उपायांकडे. महाराष्ट्राने दारिद्र्यावर जो सर्वांत मोठा उपाय केला तो रोजगार हमीचा. वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली, १९७२-७३ च्या दुष्काळाने तिला बळ दिले, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि खर्चासाठी शहरी नोकरदार-व्यावसायिकांवर कर. दांडेकर-रथांनीही सार्वजनिक कामांचाच आग्रह धरला होता. खडी फोडण्याचे, बांध घालण्याचे, पाझर तलावाचे हे काम कष्टाचे होते, मुकादम हजेरीपटावर हात मारीत होता, हे सारे खरे. तरीही या योजनेत एक गोष्ट होती जी बलुत्यात कधीच नव्हती. कामाचे माप घेतले जाई आणि मापाला दर होता. भूमिहीन बाईला पाटलाच्या बांधावर 'या मजुरीत येत नाही' म्हणता येऊ लागले, कारण तिला जायला दुसरी जागा होती. बागायतदारांनी मजूर मिळत नाहीत अशी जी ओरड केली, ती या योजनेला मिळालेली उत्तम पावती होती.

म्हणूनच तिच्यावर घाव पडले ते याच जागी. १९८८ मध्ये हमीची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीला आणली आणि पाठोपाठ कामे आक्रसली. २००५ मध्ये केंद्राने देशभर वर्षाला १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. दिवस १२५ केले, पण पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून ६० दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूदही केली. दिवसांची बेरीज पाहणारा म्हणेल, २५ दिवस वाढले. शेतमजुराच्या बाजूने पाहणारा विचारील, ज्या हंगामात मजुराला भाव असतो, ज्या दिवसांत त्याच्या नकाराला किंमत येते, नेमके तेच दिवस का बंद?

रोजगार हमीची दुसरी उणीव जुनी आहे. पाझर तलाव मजुरांनी खोदला, पाणी ज्याची खाली विहीर होती त्याच्या शेतात पाझरले. म्हणजे प्रश्न पुन्हा जमिनीशी येतो. दांडेकर-रथांचे म्हणणे होते की वाटायला पुरेल एवढी जमीनच नाही. सर्वांना पोटापुरती नाही, हे मान्य. पण कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लाखो माणसे तुरुंगात गेली, ती केवळ पोटापुरत्या धान्यासाठी गेली नव्हती. दोन एकर गायरान वर्षाचे धान्य देत नसेल. गावाने बहिष्कार टाकला तर दोन महिने तग धरण्याची ताकद ते देते. स्टार्ट समितीने दाखवलेल्या शस्त्राची धार त्याने बोथट होते. गायरानावरच्या पेरणीवरून मराठवाड्यात इतकी डोकी का फुटली, हे उत्पन्नाच्या आकड्यांतून कळणार नाही.

२००४ मध्ये दादासाहेबांच्याच नावाने सबलीकरण व स्वाभिमान योजना निघाली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची ही योजना. नावात 'स्वाभिमान' आहे, हे चांगलेच. परंतु जमीन सरकारने मालकाकडून विकत घ्यायची आहे, आणि मालकाने विकायला तयार व्हायचे आहे. म्हणजे नकार देण्याचा अधिकार येथेही जमीनवाल्याकडेच राहिला. ज्याच्या नावाने योजना आहे त्याने जमीन मागितली होती ती पडीक, सरकारी, गायरान; विक्रीची नव्हे.

७

या विवेचनातून कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? रेषेचे आकडे अभ्यासावेत, पाठ करावेत, त्यांच्यावर सरकारला धारेवर धरावे. पण गावात गेल्यावर आणखी तीन प्रश्न विचारावेत. या घरातली भाकर कोणत्या हातून येते आणि तिचे माप कोण ठरवतो? आलेल्या भाकरीतले बाईच्या वाट्याला किती येते? आणि उद्या या घराने गावाला 'नाही' म्हटले तर चूल किती दिवस पेटेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिवसांत मिळते, ते आकड्यात लिहिता येते, त्याची पाहणी करता येते. एखाद्या महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र आणि मराठी विभागांनी मिळून दहा गावांत ती केली, तर दोन वर्गांमधली भिंत पडायला सुरुवात होईल.

लेखकांकडूनही अपेक्षा आहे. आपली भूक आपण लिहिली, ती जगाने वाचली, अनेक भाषांत गेली. आता मागे राहिलेल्या भावाचा हजेरीपट लिहिला पाहिजे. संतामायची भाकर वाचून ज्यांच्या डोळ्यांत पाणी आले त्यांना विचारले पाहिजे की तिसरी भाकर तिच्या घरी यावी यासाठी तुम्ही कोणत्या कायद्याच्या बाजूने उभे राहिलात. माणसाला शिळा तुकडा नको म्हणता येईल एवढे बळ ज्या उपायाने येते तो दारिद्र्यनिवारणाचा उपाय. बाकीचे वाढप्याचे औदार्य आहे, आणि त्याचा अनुभव आपल्याला हजारो वर्षांचा आहे.